दोन डोळे, एक दृष्टी

डोळे दोन असून वस्तू एकच का दिसते? इ. स. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये उत्तर दिले : दोन्ही प्रतिमा मज्जातंतूंच्या संगमात एक होतात. १८३८ साली इंग्लंडच्या व्हीटस्टन यांनी दाखविले की, या प्रतिमांतील अल्प फरकातूनच खोली जाणवते. नळदुर्गचा किल्ला दुरून पाहताना हा फरक नगण्य असतो. सुईत दोरा ओवताना मात्र तोच कामी येतो. १९८१च्या नोबेलचे मानकरी ह्यूबेल व वीझेल यांनी मांजरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले की, मेंदूतील ही जोडणी बालवयातच पक्की होते. म्हणून पालकहो, मुलाचा तिरळेपणा मोठेपणी आपोआप जाईल, या भरवशावर राहू नका. वेळीच डोळे तपासून घ्या.