तळटीप : ‘तैशो १५’

१४. तैशो १५ : लेखकाला फणसवाडीतल्या खोलीत वडिलांच्या ट्रंकेत मिळालेल्या रुईच्या पावतीवरचे साल. छपाईची चूक नव्हे. तैशो हे जपानचे सम्राट योशिहितो यांच्या कारकिर्दीचे युगनाम. ते ३० जुलै १९१२ रोजी सुरू झाले, म्हणून आकड्यात १९११ मिळवले की इसवी सन निघतो : येथे १९२६. एका सम्राटाला एकच युगनाम हा दंडक १८६८पासूनचा. त्याआधी भूकंप, आग किंवा अपशकुन झाला की मध्येच नाव बदलत.

योशिहितो २५ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि त्याच दिवशी ‘शोवा’ लागले. जपानी साल मात्र १ जानेवारीलाच पुढे सरकते. त्यामुळे शोवाचे पहिले वर्ष अवघे सात दिवसांचे! आपला राज्याभिषेक शकही (१६७४) राजाच्या नावाचाच, पण महाराजांच्या पश्चात तो पुन्हा एकपासून मोजला गेला नाही.

गिरगावात जपानी पावती कशी, याचे उत्तर कापसात आहे. जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कैशा या कंपनीची मुंबई-कोबे बोट १८९३मध्ये सुरू झाली आणि आपली रुई ओसाकाच्या गिरण्यांकडे जाऊ लागली. पावतीवरचा महिना पुसला आहे. तरी ती २५ डिसेंबरपूर्वीची असावी. अर्थात मुंबईतल्या कारकुनाने जुना शिक्का आणखी चार दिवस चालवला नसेल तर.