पडणाऱ्याची कला: रेसलिंगच्या समीक्षेची प्रस्तावना

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कितीतरी मुलांच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचा जोड असे. माझ्याही होता. पत्त्यावर रेसलरचा फोटो आणि त्याखाली उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती असे रकाने. मधल्या सुट्टीत बाकावर डाव पडे आणि ज्याचा आकडा सरस, तो समोरच्याचा पत्ता घेऊन जाई. 1996 च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलले, यावरून वर्गात भांडणे होत. पडद्यावरचा तो अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली नावाचा दुसराच रेसलर होता, हे आमच्यापैकी बहुतेकांना फार उशिरा कळले.

त्या पत्त्यांवर जिंकलेल्या लढती मोजलेल्या होत्या. हरताना कोणी काय केले, याचा रकाना मात्र नव्हता. मला या विषयाचा अभ्यास त्या न छापलेल्या रकान्यापासून सुरू करावासा वाटतो. रेसलिंगची लढत कशी झाली हे समजून घ्यायचे असेल, तर नजर आधी हरणाऱ्यावर ठेवावी लागते. पुढची सारी मांडणी या एका विधानावर उभी आहे.

हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘अहो, पण ते सगळे खोटे असते ना?’ प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्याचा सर्वात मोठा अधिकार मराठी माणसाला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानावर निकाली कुस्ती पाहिलेल्या माणसाला नुरा कुस्ती म्हणजे फसवणूकच वाटणार. आखाड्यात दोन पैलवानांनी आधीच संगनमत केले असेल, तर प्रेक्षकाला दिलेला शब्द मोडतो, कारण तिथे शब्द चुरशीचा असतो. रेसलिंगने दिलेला शब्द गोष्टीचा आहे. निकाल ठरलेला असतो हे गुपित या धंद्याने अनेक दशके कसोशीने जपले. त्या गुपिताला आणि ते जपण्याच्या शिस्तीला ‘केफेब’ म्हणतात. पुढे 1989 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफच्या प्रतिनिधींनी न्यू जर्सीच्या सिनेटपुढे आपला कार्यक्रम करमणूक असल्याचे सांगितले. क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करातून सुटका व्हावी हा त्यामागचा व्यवहार होता. खरे-खोट्याचा वाद त्या दिवशी मिटायला हरकत नव्हती.

विचारवंतांच्या पातळीवर तो त्याआधीच मिटला होता. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांच्या 1957 च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकातला पहिलाच निबंध रेसलिंगवर आहे. लढत ठरवून झाली की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते, त्याला वेदना, पराभव आणि न्याय डोळ्यांसमोर स्पष्ट दिसायला हवे असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांचेही लक्ष हरलेल्या देहाच्या हावभावांवर बराच वेळ रेंगाळते, हे मला महत्त्वाचे वाटते.

अभ्यासाला लागणारी परिभाषा थोडी आहे आणि ती आपल्याकडच्या चाहत्यांच्याही तोंडी रुळलेली आहे. सज्जनाच्या भूमिकेतला तो फेस, खलाच्या भूमिकेतला हील. बाजू बदलली की तो टर्न. मॅटवर अंग टाकणे म्हणजे बम्प घेणे. बसलेला मार प्रेक्षकाला पटवून देणे म्हणजे सेलिंग. आणि कोणी, कधी, कोणाकडून, कशासाठी हरायचे हे ठरवणे म्हणजे बुकिंग. यातले सेलिंग आणि बुकिंग हे दोन शब्द नीट उमगले की बाकीचे आपोआप जागेवर बसतात.

सेलिंग समजायचे असेल तर 23 मार्च 1997 ची एक लढत जवळून पाहा. शिकागोजवळचे रोझमाँट होरायझन हे सभागृह, रेसलमेनिया 13, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. अट अशी की समोरच्याने शरणागती पत्करली तरच लढत संपेल. हार्ट लोकांचा लाडका आणि ऑस्टिन शिवराळ, बेमुर्वत हील. शेवटच्या मिनिटांत हार्टने त्याला पालथा करून शार्पशूटरच्या पकडीत घेतले आहे. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त ओघळते आहे, दातांच्या फटींतूनही ते दिसते. तो हातांवर भार देऊन छाती उचलतो, एकदा पकड जवळजवळ मोडतो, पुन्हा कोसळतो. पंच केन शॅमरॉक वाकून विचारत राहतो आणि ऑस्टिन शरण येत नाही. शेवटी त्याची शुद्ध हरपते आणि पंच लढत थांबवतो. त्यानंतरही हार्ट त्याच्या पायावर मारत राहतो आणि त्याचा हक्काचा प्रेक्षक त्याच्यावर उलटतो. ऑस्टिन कोणाचाही आधार न घेता लंगडत बाहेर जातो आणि सभागृह त्याच्या नावाने दुमदुमते.

नोंदवहीत ऑस्टिन हरला. सभागृहात तो नायक झाला. एकाच लढतीत दोघांचीही बाजू बदलली, आणि त्यासाठी कोणाला भाषण करावे लागले नाही. रेसलिंगच्या इतिहासातली ही सर्वोत्तम लढत आहे असे माझे मत आहे. हार्टचे श्रेयही कमी नाही. आपली लोकप्रियता त्याने समोरच्याच्या ओंजळीत टाकली. वर्षभराने, 1998 च्या मार्चमध्ये, ऑस्टिन विजेता झाला, तेव्हा त्या विजयाचा पाया त्याच्या पराभवाने घातलेला होता.

बुकिंग म्हणजे पराभवाचे अर्थकारण. प्रेक्षकाची माया ज्याने वर्षानुवर्षे साठवली, त्याने ती कोणाच्या हाती सोपवायची, हा बुकरपुढचा प्रश्न असतो. ब्रुनो सॅमार्टिनो यांनी मे 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बडी रॉजर्सला 48 सेकंदांत हरवले आणि पुढे साडेसात वर्षांहून अधिक काळ विजेतेपदाचा पट्टा स्वतःकडे ठेवला. 18 जानेवारी 1971 रोजी त्याच सभागृहात आयव्हन कोलॉफने त्यांना चीत केले. लोक इतके स्तब्ध झाले की आपले कान गेले की काय असे क्षणभर वाटल्याचे सॅमार्टिनो पुढे सांगत. पट्टा कोलॉफकडे तीन आठवडेच राहिला. मग तो पेड्रो मोरालेसकडे गेला. यातली आखणी लक्षात घ्या. मोरालेसही लोकांचा लाडका. त्याने थेट सॅमार्टिनोंना हरवले असते, तर न्यूयॉर्कचा प्रेक्षक दुभंगला असता. मध्ये एक खल ठेवल्याने जुन्या नायकाबद्दल हळहळ वाटली आणि नव्याच्या जयाचा आनंदही निखळ राहिला. कोलॉफने तीन आठवड्यांत केलेले काम अनेक दीर्घकालीन विजेत्यांपेक्षा मोलाचे आहे.

वाईट बुकिंगचा नमुनाही पाठ असावा. 4 जानेवारी 1999 रोजी अटलांटात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या ‘नायट्रो’ कार्यक्रमात हल्क होगनने केव्हिन नॅशच्या छातीला बोट लावले, नॅश आडवा पडला आणि जागतिक पट्टा होगनकडे गेला. निकाल ठरलेला होता म्हणून लोक चिडले नाहीत, तो तर नेहमीच ठरलेला असतो. त्या पराभवात घाम नव्हता, वेदना नव्हती, पाहणाऱ्याच्या वेळेची कदर नव्हती. फुकट दिलेला पराभव विजयाचीही किंमत घालवतो. त्याच रात्री दुसऱ्या वाहिनीवर डब्ल्यूडब्ल्यूएफने मिक फोलीला पहिल्यांदा विजेता होताना दाखवले. अंगावर असंख्य बम्प घेऊन वर आलेल्या माणसाचा तो विजय होता. मार्च 2001 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू प्रतिस्पर्धी कंपनीनेच विकत घेतली. तिच्या पडझडीची कारणे अनेक आहेत, पण त्या बोटाची खूण मला त्यांच्या अग्रभागी दिसते.

अमेरिकेबाहेरच्या परंपरा या अभ्यासात परिशिष्टात टाकू नयेत. मेक्सिकोच्या लुचा लिब्रेमध्ये मुखवटा पणाला लागतो. हरणाऱ्याला तो सर्वांसमोर उतरवावा लागतो आणि खरे नाव सांगावे लागते. एल सांतो आपला मुखवटा कधीच हरले नाहीत आणि 1984 मध्ये त्यांचे दफन मुखवट्यासह झाले. जपानमध्ये पराभव संयमाने, वर्षावर्षाच्या अंतराने उलगडतो. जानेवारी 2017 मध्ये टोकियो डोममध्ये काझुचिका ओकाडाने केनी ओमेगाला जवळपास 47 मिनिटांच्या लढतीत हरवले. जूनमध्ये दोघे 60 मिनिटे लढून बरोबरीत सुटले, ऑगस्टमधली लढत ओमेगाने जिंकली, आणि पट्टा मात्र त्याला जून 2018 मध्ये ओसाकात मिळाला. पहिल्या पराभवात ओमेगाने जे दाखवले, त्याच्या बळावर प्रेक्षक दीड वर्ष थांबला.

टोकियोतल्या त्या पहिल्या लढतीला डेव्ह मेल्टझर यांनी सहा तारे दिले, तेही पाच ताऱ्यांच्या मापावर. त्यांचे वार्तापत्र या क्षेत्रातले मोलाचे दप्तर आहे आणि ताऱ्यांमुळे चाहत्यांना वाद घालायला एक सामाईक भाषा मिळाली. तरीही नवख्या अभ्यासकाने ताऱ्यांपासून सुरुवात करू नये असे मी आग्रहाने सांगेन. तारे म्हणजे पुन्हा पत्त्यावरचा आकडा. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. हे दोघे का लढत आहेत, ते शब्दांवाचून कळले का? पाचव्या मिनिटाला ज्याच्या गुडघ्यावर घाव बसला, तो विसाव्या मिनिटाला लंगडतो आहे का? लढत संपल्यावर हरलेला माणूस आधीपेक्षा मोठा झाला की लहान?

आणखी एक प्रश्न कधीही गाळू नये: याची किंमत कोणी मोजली? निकाल ठरलेला असला तरी मॅटवर आदळणारे मणके खरे असतात. मे 1999 मध्ये कॅन्सस सिटीत प्रवेशाच्या कसरतीत उंचावरून पडून ओवेन हार्ट गेले. जून 2009 मध्ये हिरोशिमात एका साध्या डावावर पडल्यानंतर मित्सुहारू मिसावा पुन्हा उठले नाहीत. अमेरिकेत बहुतेक रेसलर कंपनीचे नोकर मानले जात नाहीत, ते स्वतंत्र कंत्राटदार असतात आणि त्यांची कामगार संघटना नाही. धोकादायक उडीला टाळी देताना आपण कशाची मागणी करतो आहोत, याचे भान चाहत्याला हवे. समोरच्याला इजा न होऊ देता त्याला मार दिल्याचा जिवंत भास घडवणारा रेसलर माझ्या लेखी सर्वात मोठा कलावंत. दोन माणसे एकमेकांच्या हाती आपली मान सोपवतात, यापेक्षा मोठा विश्वास मी दुसऱ्या कोणत्या रंगमंचावर पाहिलेला नाही.

या क्षेत्रात येण्यासाठी कोणतीही पूर्वअट नाही. हार्ट आणि ऑस्टिन यांची ती लढत दोनदा पाहा. पहिल्यांदा कोण जिंकते ते पाहा. दुसऱ्यांदा फक्त ऑस्टिनकडे पाहा: त्याचे हात, त्याचा श्वास, पकडीत असताना त्याची नजर. मग तुमचे मत लिहून काढा, आणि ते माझ्या मताशी जुळले नाही तर अधिक सविस्तर लिहा. मराठीत या विषयावर लिहायचे जवळजवळ सगळेच बाकी आहे.