ओवीपासून चित्रपुस्तकापर्यंत

बालकांसाठी शौर्याचे पुस्तक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार, घोडा आणि गडकोट उभे राहतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला यांतले फारसे काही ठाऊक नसते. त्याला आई ठाऊक असते, अंधार ठाऊक असतो, दाराबाहेरचा आवाज ठाऊक असतो. हिरकणीची कथा त्याला चटकन कळते ती यामुळेच. रायगडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ भुकेलेले, आणि आई कडा उतरून गेली, एवढेच तिचे कथानक. ही आख्यायिका आहे, दप्तरी पुराव्याचा इतिहास नव्हे, याचे भान शिक्षकाने अवश्य ठेवावे. तथापि घर आणि धैर्य यांची इतकी साधी गाठ अन्यत्र क्वचितच आढळते. पाच-सहा चित्रांत ती मावते, आणि यमकाच्या प्रत्येक जोडीबरोबर कड्याची एकेक पायरी उतरता येते.

आपल्या पेडणे आणि डिचोली या महालांत असे पद्य छापील पानावर येण्यापूर्वी कानांवर आले. हे महाल नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली गेले. पेडणे १७८८ मध्ये. लोकभाषेच्या मुळावर आलेला १६८४ चा फतवा निघाला तेव्हा हा मुलूख पोर्तुगिजांकडे नव्हता, आणि पुढे तो त्यांच्याकडे आला तोवर धर्मसक्तीचा जोर ओसरला होता. परिणामी कीर्तन, पोथी आणि जात्यावरची ओवी यांच्या आधाराने मराठी पद्य येथे टिकून राहिले. अक्षरओळख नसलेली आजीदेखील राम-लक्ष्मणांचे बंधुप्रेम नातवंडांना गाऊन सांगू शके. घरात बोलणे कोकणी आणि पोथीतले पद्य मराठी, ही विसंगती आज पुष्कळांना खटकते. मुलांना ती खटकली नसावी. शब्दाचा अर्थ उमगण्याआधी ताल त्यांच्यापर्यंत पोहोचत होता.

सालाझारच्या राजवटीत छपाईवर सेन्सॉरची नजर होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. विंदा करंदीकरांचे ‘राणीची बाग’ त्याच सालचे. १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. विंदांच्या बालकवितेत तलवारबहाद्दर वीर शोधू नयेत. तेथे प्राणी आहेत, राक्षस आहेत, भुतेखेते आहेत. परंतु ज्याचे भय वाटते त्याला हसण्याचे बळ ती मुलाला देते, आणि माझ्या मते बालपणातले पहिले शौर्य तेच होय.

शौर्याची एक कथा तर आपल्या उंबरठ्यावर घडली आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून आत आले आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. सागरकडच्या सहोद्राबाई राय हाती तिरंगा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली तेव्हा पंजाबातील इसरू गावचा तरुण कर्नैलसिंग पुढे सरसावला आणि धारातीर्थी पडला. ना गाव एक, ना भाषा एक. तरी बहिणीच्या मदतीला भाऊ धावावा तसा तो धावला. कुटुंब या शब्दाचा अर्थ मुलाला समजावून सांगताना याहून सरस उदाहरण मला सुचत नाही.

ही कथा चित्रपुस्तकात आणताना खरी अडचण गोळीबाराची. तो वगळला तर इतिहास खोटा पडतो. रक्तासह रंगवला तर पाच वर्षांचे मूल पुस्तक मिटून टाकते. येथे पद्य उपयोगी पडते. ध्वज एका हातातून दुसऱ्या हातात जातो, ही ओळ दर पानावर ध्रुपदासारखी परत यावी. चित्रकाराने केवळ हात काढावेत, बांगड्यांचा हात, कडे घातलेला हात, आणि ज्या पानावर गोळी लागते तेथे हात रिकामा ठेवून पुढच्या पानावर नवा हात दाखवावा. मूल ते पान उलटताना प्रश्न विचारील. त्याचे उत्तर घरातल्या वडील माणसाने मांडीवर घेऊन द्यावे. अखेरच्या चित्रात पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक असावे, आणि त्यापुढे रांगेत उभी असलेली, आपल्याच शाळेच्या गणवेशातली मुले.