राजदूत ३५०: वेगाची हौस, ब्रेकची धास्ती

यामाहाच्या आरडी ३५० या जपानी गाडीची भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्‌सने १९८३मध्ये ‘राजदूत ३५०’ या नावाने आणली. पेट्रोल घटाघटा पिणारी ही गाडी तेव्हाच्या बहुतेकांच्या खिशाला परवडली नाही. १९९०च्या सुमारास उत्पादन थांबलं.

आज तिचे मालक तिच्यावर जीव ओवाळून टाकतात, आणि ते पटतं. आरपीएम चढले की रीड व्हॉल्व्हचं टू-स्ट्रोक इंजिन एकदम उसळतं, दोन्ही सायलेन्सरांतून टू-टी ऑइलचा निळसर धूर निघतो, सहा गिअर भराभर पडत जातात.

ब्रेकबद्दलची तक्रार मात्र रास्तच. मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक वगळून इथे ड्रम दिला होता. एवढ्या ताकदीला तो अपुराच पडे. म्हणून कित्येकांनी पदरमोड करून पुढे डिस्क बसवून घेतली.