एका अडॅप्टरवर अनेक सूर : एका लहान यंत्राचा इतिहास

कयाधूकाठच्या या गावी येऊन आवाजाविषयी व्याख्यान देणे म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यासारखे आहे. परंपरा नामदेवमहाराजांचा जन्म १२७० साली येथे झाला असे मानते. त्यांची कीर्तनवाणी पुढे पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचली आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली. हा सारा प्रवास विजेवाचून झाला. टाळ, मृदंग आणि वीणा यांना लागणारी शक्ती वाजविणाऱ्याच्या हातात असते. ती कोणाकडून उसनी घ्यावी लागत नाही.

परंतु आज याच परिसरात लग्न, मिरवणूक किंवा ऑर्केस्ट्रा असला म्हणजे वाद्याबरोबर विजेचीही व्यवस्था करावी लागते. गिटार, बेस, विजेचा बेंजो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि त्यांच्या पायाशी मांडलेली लहान लहान पेडले या सर्वांना आपापला खुराक हवा असतो. तो एकाच अडॅप्टरमधून सर्वांना देता येईल काय, हा आजचा विषय. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्याच्या पोटी साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एका माणसाचा मृत्यूही आहे.

प्रथम पेडल म्हणजे काय ते पाहू. विजेच्या गिटारीत तारेखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तार हलली की त्या वेटोळ्यात अत्यंत क्षीण वीज निर्माण होते. ती वायरीने ॲम्प्लिफायरकडे जाते. वाटेत तिला अडवून तिचे रूप पालटणारी, पायाने चालू-बंद करावयाची धातूची डबी म्हणजे पेडल. कोणी आवाज फाडते, कोणी त्यास प्रतिध्वनी जोडते, कोणी त्यास लाटांसारखे हेलकावे देते.

ही डबी ट्रान्झिस्टरची लेक आहे. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली लागला. १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाचे पेडल बाजारात आले; ते दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर चाले. त्याचा खप प्रथम बेताचाच होता. १९६५ साली इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या मंडळीतील कीथ रिचर्ड्स यांनी एका गाण्यात त्याचा फाटका आवाज वापरला, ते गाणे जगभर गाजले आणि पेडलचे भाग्य उघडले.

पुढच्या पेडलांनी मात्र नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी स्वीकारली. नऊच का? आठ का नव्हे, बारा का नव्हे? याचे कारण शास्त्रात नसून बाजारात सापडते. १९५०नंतरच्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओसाठी ही बॅटरी निघाली आणि गल्लोगल्लीच्या दुकानात मिळू लागली. जे सहज मिळते त्यावर कारागीर आपले यंत्र बेततो. रेडिओ मागे पडला, बॅटरीचा आकडा मात्र राहिला. रूढी कशी जन्मते याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

एक पेडल असेपर्यंत बॅटरी उत्तम. जुन्या फझ पेडलास सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह पुरतो; चांगल्या बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांचा साठा असतो; म्हणजे ती महिनोन् महिने टिकते. पण १९८०नंतर डिजिटल पेडले आली. त्यांच्या पोटात गणकयंत्रच असते. पासष्ट मिलिअँपिअर घेणारे पेडल तीच बॅटरी सात-आठ तासांत संपविते. तीनशे घेणारे दोन तासही चालू देत नाही. गावोगाव फिरणाऱ्या कलावंताच्या बिदागीतला एक वाटा अशा बॅटऱ्यांतच जावयाचा. तेव्हा एका अडॅप्टरवर सर्व पेडले चालविण्याची कल्पना हौसेतून नव्हे, गरजेतून आली.

अडॅप्टरच्या इतिहासात जपानचे नाव ठळक आहे. ओसाका येथे १९७२ साली इकुतारो काकेहाशी यांनी रोलँड कंपनी स्थापिली. तिच्याच ‘बॉस’ या शाखेने १९७७ मध्ये लहान आकाराच्या पेडलांची माळका सुरू केली. या पेडलांचा प्रसार एवढा झाला की त्यांच्या अडॅप्टरची पिन हीच जगाची रीत बनली : बाहेरचे कडे धन आणि मधली पिन ऋण. घरातील इतर पुष्कळ अडॅप्टरांत हे नेमके उलटे असते. पेडलांत असे का, याचे कारण साधे आहे. पिन आत घातली की तिचे बाहेरचे कडे आतील एका पत्तीस सरकविते आणि बॅटरीचा धन टोकाशी असलेला संबंध तुटतो. बॅटरी वाचविण्यासाठी केलेली ही युक्ती. पुढे बॅटऱ्या कोणी घालीनासे झाले, तरी पिन उलटीच राहिली.

आता माळेचा विचार करू. एका अडॅप्टरपासून निघालेल्या वायरीला पाच-सात पिना ओळीने लावलेल्या असतात. दिसावयास ती माळ असली तरी विजेच्या दृष्टीने सर्व पेडले समांतर जोडलेली असतात. म्हणजे प्रत्येकास व्होल्ट तेवढेच, नऊ, मिळतात; प्रवाहाची मात्र बेरीज होते. ५, १०, २०, ६५ आणि ३०० मिलिअँपिअर घेणारी पाच पेडले असतील तर बेरीज ४०० होते. त्यास ५०० चा अडॅप्टर चालेल. ३०० चा तापेल, गुणगुणेल आणि अखेर मान टाकील.

हे मराठवाड्यातील शेतकऱ्यास निराळे शिकवावयास नको. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. पुढे पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे केंद्र उभे राहिले; खेडोपाडी खांब आले, आणि ‘डीपी’ हा शब्द मराठी झाला. डीपीवर मोटारी किती, हा प्रश्न ऐन हंगामात किती जिव्हाळ्याचा असतो हे आपण जाणताच. चार मोटारी एकदम सुरू झाल्या की घरचा दिवा मंदावतो, आणि भार हाताबाहेर गेला की डीपी जळतो. अडॅप्टर ही तळहातावरची डीपी आहे. भेद एवढाच की येथे आकडा टाकणाराही आपणच असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन हजार मिलिअँपिअरचा अडॅप्टर लावला तर लहान पेडल जळेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. विहीर मोठी असली म्हणून घागरीत पाणी जास्त मावत नाही. पेडल आपल्या गरजेपुरताच प्रवाह घेते. घात होतो तो व्होल्ट चुकल्याने किंवा धन-ऋण उलटल्याने. म्हणून प्रत्येक पेडलाच्या पाठीवर छापलेले व्होल्ट आणि पिनेचे चिन्ह आधी वाचावे, मग बेरीज करावी आणि थोडी शिल्लक ठेवून अडॅप्टर निवडावा.

मग सर्व प्रश्न सुटले काय? नाही. पहिला अडथळा जुन्या पेडलांचा. लंडनमध्ये १९६६ साली निघालेल्या ‘फझ फेस’सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या पेडलांत धन टोक डबीच्या धातूला जोडलेले असे; बहुतेक इतर पेडलांत ऋण टोक जोडलेले असते. आवाज नेणाऱ्या वायरीच्या जाळीने सर्व डब्यांचे धातू एकमेकांशी जोडलेले असतातच. तेव्हा ही दोन कुळे एका माळेत बसविली की अडॅप्टरचे धन आणि ऋण थेट भेटतात आणि शॉर्ट होतो. अशा पेडलाची चूल वेगळीच मांडावी.

दुसरा अडथळा गुणगुणीचा. डिजिटल पेडल एका सेकंदात हजारो वेळा झटक्याझटक्याने वीज ओढते. शेजारची मोटार सुरू होताना दिवा फडफडावा तसे हे झटके सामाईक वायरीतून शेजारच्या पेडलात शिरतात आणि आवाजात बारीक शिट्टी ऐकू येते. शिवाय माळेमुळे दोन पेडले एकदा आवाजाच्या वायरीने आणि पुन्हा विजेच्या वायरीने अशी दुहेरी जोडली जातात. त्या वेढ्यात मंडपातील पन्नास सायकलच्या विजेची घरघर उमटते.

यावरचा उपाय असा निघाला की पेटी एक असावी, पण तिच्या आत एका गाभ्यावर अनेक वेगळी वेटोळी असावीत, आणि प्रत्येक पेडलास आपले स्वतंत्र वेटोळे मिळावे. एकाचा दुसऱ्याशी धातूचा संबंध नको. १९७०नंतरच्या दशकात लंडनचे पीट कॉर्निश यांनी पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमूर यांच्यासारख्या कलावंतांसाठी घरच्या विजेवर चालणारे पेडलांचे पाट तयार केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र वेटोळ्यांच्या तयार पेट्या दुकानात मिळू लागल्या. त्यांची किंमत माळेहून पुष्कळ अधिक, हे खरे.

महाराष्ट्रातही ही यंत्रे लवकरच पोहोचली. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदातील चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची तीन यंत्रे जुळवून रागांवर आधारित अशी एक ध्वनिमुद्रिका केली. त्यांतली दोन यंत्रे थेट घरच्या विजेवर चालत. तिसरे, टीबी-३०३ हे छोटे यंत्र, चार सेलवर किंवा नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर. तेव्हा ती ध्वनिमुद्रिका फारशी कोणी विचारली नाही; २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने तिचे कौतुक केले.

आणि मिरवणुकीतला आपला बेंजो? तो ज्या बुलबुलतरंगापासून आला, त्याचे मूळही जपानातच सापडते. नागोया येथे १९१२ साली गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ हे वाद्य काढले; त्यास भारतात बुलबुलतरंग हे नाव मिळाले, आणि महाराष्ट्रात विजेची जोड मिळून त्याचा बेंजो झाला. १९८५ साली रोलँडने ऑक्टोपॅड आणला आणि तो बेंजोचा सोबती झाला. जनरेटर लादलेल्या गाडीवर ही दोन्ही वाद्ये शेजारी वाजतात, तेव्हा एका विजेवर अनेक सूर पोसण्याचा प्रश्न आपल्या रस्त्यावरच उभा असतो.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरघर थांबत नाही असे दिसले की मंडपात कोणीतरी शहाणा पुढे होतो आणि तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, काढून टाकतो. घरघर थांबते, आणि सर्वजण त्याला शाबासकी देतात. श्रोतेहो, ही शाबासकी महाग पडू शकते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या मंडळीचे गिटारवादक लेस हार्वी यांनी कार्यक्रम चालू असता गिटार हातात असताना मायक्रोफोनला स्पर्श केला. अर्थिंग नीट नव्हते. श्रोत्यांसमोर, भर मंचावर विजेच्या धक्क्याने त्यांचा मृत्यू झाला. आपल्याकडे घरची वीज २३० व्होल्टची, मंडप बहुधा ओल्या मैदानात, आणि गायकाचे ओठ माइकच्या जाळीला टेकलेले. पेडलाचे नऊ व्होल्ट कोणास मारीत नाहीत. त्यांच्या पाठीमागे भिंतीत असलेले २३० मारतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. काटकसर करावयाची ती बॅटऱ्यांत करावी, अर्थिंगमध्ये करू नये. गुणगुण आली तर आधी डिजिटल पेडल माळेतून काढून त्यास स्वतंत्र अडॅप्टर द्यावा. ऑक्टोपॅड व कीबोर्ड यांना त्यांचे स्वतःचेच अडॅप्टर ठेवावेत. सर्व उपकरणे शक्यतो अर्थिंग तपासलेल्या एकाच बोर्डावरून घ्यावीत. आणि पैसा जमेल तेव्हा स्वतंत्र वेटोळ्यांची पेटी घ्यावी. साठ वर्षांच्या या इतिहासात सर्वांना एका ठिकाणाहून पोसणे लवकर साधले. पोसताना प्रत्येकाला दुसऱ्यापासून वेगळे राखणे मात्र उशिरा आणि खर्चाने साधले. ज्या गावात शेकडो टाळ एका ठेक्यात वाजतात आणि तरी प्रत्येक टाळकऱ्याच्या टाळांची दोरी त्याच्याच बोटांत असते, त्या गावाला ही गोष्ट पटावयास जड जाणार नाही.