यंत्रशाळेंतला ॲडमिरल

आरमाराच्या इतिहासांत ज्यांचीं नांवें राहतात, ते बहुधा लढाया जिंकणारे सेनापति असतात. हायमन रिकोव्हर या अमेरिकन ॲडमिरलनें समुद्रावर एकहि लढाई जिंकली नाहीं. त्याच्या हुकमतीखालीं जें एकच जहाज आलें, तें १९३७ सालीं चीनच्या किनाऱ्यावर असलेलें 'फिंच' नांवाचें सुरुंग काढणारें जुनें जहाज, आणि तेंहि कांहीं महिनेच. तरीहि अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी जन्मास आली ती मुख्यतः याच गृहस्थाच्या हट्टामुळें.

आरमाराच्या दप्तरीं रिकोव्हरचें जन्मसाल १९०० असें आहे. पोलंड तेव्हां रशियाच्या अमलाखालीं होता, आणि बाप जातीनें ज्यू, धंद्यानें शिंपी. मुलगा लहान असतांनाच कुटुंब अमेरिकेस आलें व शिकागोंत स्थायिक झालें. १९२२ सालीं तो ॲनापोलिसच्या आरमारी विद्यालयांतून बाहेर पडला. पुढें कोलंबिया विद्यापीठांत त्यानें विद्युत्-शास्त्राचा अभ्यास केला, पाणबुडीवर नोकरी केली, आणि दुसऱ्या महायुद्धांत वॉशिंग्टनच्या कचेरींत जहाजांच्या विद्युत्-विभागाचा कारभार पाहिला. येथवरची हकीकत एखाद्या कष्टाळू अधिकाऱ्याची आहे, याहून अधिक नाहीं.

त्या काळची पाणबुडी ही खरें पाहतां बुडी मारतां येणारें जहाजच होती. पाण्यावर असतांना ती डिझेलच्या यंत्रावर चाले. पाण्याखालीं त्या यंत्रास हवा मिळत नसे, म्हणून तेथें विजेच्या साठ्यावर भागवावें लागे, आणि तो साठा संपला कीं शत्रूच्या डोळ्यांसमोर वर येणें भाग पडे. अणुभट्टीस हवा लागत नाहीं. १९४६ सालीं आरमारानें रिकोव्हरला ओक रिज येथील अणुकेंद्रावर धाडलें, तेव्हां ही साधी गोष्ट त्याच्या मनांत पक्की ठसली. भट्टीभोंवतीं मोठ्या दाबाखालीं पाणी खेळवावयाचें, त्याच्या उष्णतेनें दुसऱ्या पाण्याची वाफ करावयाची, आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवावयाचें, ही पद्धति त्यानें पत्करली. दुसऱ्या एका पाणबुडींत पाण्याऐवजीं पातळ केलेला सोडियम धातु वापरून पाहिला गेला. त्यांत त्रास होऊं लागतांच रिकोव्हरनें ती सारी भट्टीच काढून पाण्याची बसविली.

कामाची त्याची तऱ्हा मोठी मासलेवाईक होती. आरमाराच्या कचेरींत व अणुशक्तिमंडळांत अशा दोन्ही ठिकाणीं त्याच विषयाचा अधिकारी तोच! एका हुद्द्यावरून पत्र लिहावें आणि दुसऱ्या हुद्द्यावरून त्यास संमति द्यावी, असा प्रकार तो सर्रास करी. पहिली भट्टी आयडाहोच्या रुक्ष माळरानावर उभारली, पण ती ऐसपैस न मांडतां पाणबुडीच्या पोटांत मावेल अशीच बांधावी, हा त्याचा आग्रह. १९५३ च्या जूनमध्यें ती चोवीस तास अखंड चालली, आणि परीक्षा पुरी झाली असें हाताखालच्या मंडळींस वाटलें. रिकोव्हरनें थांबूं दिलें नाहीं. अटलांटिकचा नकाशा भिंतीवर लावून, जहाज आयर्लंडला पोंचण्याइतका वेळ होईपर्यंत, जवळजवळ चार दिवस, त्यानें भट्टी माळरानावरच चालविली.

याच सुमारास आरमाराच्या निवडमंडळानें १९५१ व १९५२ अशा लागोपाठ दोन वर्षीं त्याची बढती नाकारली. नियमाप्रमाणें त्याला सेवानिवृत्त व्हावें लागलें असतें. परंतु काँग्रेसच्या सभासदांनीं हरकत घेतली, आणि १९५३ मध्यें तो रिअर ॲडमिरल झाला. १७ जानेवारी १९५५ रोजीं 'नॉटिलस' अणुशक्तीवर समुद्रांत निघाली, आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजीं बर्फाखालून थेट उत्तर ध्रुवावर पोंचली.

पुढील तीन दशकें या पाणबुड्यांवर कोणी अधिकारी जावयाचा, हें रिकोव्हरनें स्वतः ठरविलें. उमेदवारास पुढचे पाय आंखूड केलेल्या खुर्चीवर बसवून तो उलटतपासणी घेई. १९५२ सालीं एका तरुण अधिकाऱ्यास त्यानें विचारलें कीं, विद्यालयांत तूं आपली शिकस्त केलीस काय? त्यानें प्रामाणिकपणें 'नेहमींच नाहीं' म्हणतांच रिकोव्हरनें 'कां नाहीं?' एवढेंच विचारून तोंड फिरविलें. तो तरुण म्हणजे जिमी कार्टर, पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेला.

या कडकपणाचें फळ उघड आहे. जुलै १९६१ मध्यें सोव्हिएट 'के-१९' पाणबुडीच्या भट्टीचें पाणी गळालें, आणि दुरुस्तीस आंत शिरलेले आठ नाविक तीन आठवड्यांच्या आंत मरण पावले. रिकोव्हरच्या दीर्घ कारकीर्दींत अमेरिकन पाणबुड्यांवर असा प्रसंग आला नाहीं. तथापि १० एप्रिल १९६३ रोजीं 'थ्रेशर' १२९ माणसांसह अटलांटिकच्या तळाशीं गेली. नळ फुटून पाणी शिरलें असावें व त्यामुळें भट्टी बंद पडली असावी, असें चौकशींत मानलें गेलें. रिकोव्हरनें सांधे जोडण्यांतील व तपासणींतील ढिलाईवर कडक ताशेरे झाडले, आणि ते योग्यच होते. पण बंद पडलेली भट्टी पुनः सुरूं करण्याचे त्याचेच नियम इतके सावध होते कीं, बुडणाऱ्या जहाजास तेवढा अवकाश मिळणें कठीण. ते नियम नंतर बदलण्यांत आले. आमच्या मतें या माणसाचा गुण आणि दोष येथें एकाच ठिकाणीं दिसतात: यंत्राच्या सुरक्षितपणाची त्याला इतकी चिंता कीं, जहाजाची निकड त्यापुढें मागें पडावी.

जानेवारी १९८२ अखेर, त्रेसष्ट वर्षांच्या नोकरीनंतर, त्याला निवृत्त करण्यांत आलें. जहाजें बांधणाऱ्या एका कंपनीकडून त्यानें वर्षानुवर्षें भेटी घेतल्याचें मागाहून उघडकीस आलें व १९८५ मध्यें आरमारमंत्र्यानें त्याला लेखी ठपका दिला. पण निवृत्तीच्या अगदीं तोंडावर काँग्रेसच्या समितीपुढें त्यानें जें सांगितलें, तें अधिक विलक्षण आहे. अणुशक्तीचीं हीं सारीं जहाजें, आपल्या हातून झालेलीं, आपण बुडवून टाकूं, असें हा वृद्ध म्हणाला! तो पदावरून उतरतांच, १ फेब्रुवारी १९८२ रोजीं अध्यक्ष रेगन यांनीं हुकूम काढला, आणि त्या जागेवरील अधिकाऱ्याची मुदत आठ वर्षांची ठरविली.