उसाचे वजन आणि शाळेतील संगणक

गावात संगणक कुठल्या दाराने आला, हा प्रश्न मला इतिहासाचा वाटतो. आपल्या कोल्हापूर भागात वारणा खोऱ्यात तो उसाच्या दाराने आला.

१९९८ साली तेथे 'वायर्ड व्हिलेज' हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडायची, असा बेत होता. उद्दिष्टांत बाजारभाव होते, शेतीचा सल्ला होता आणि शिक्षणही होते. शहरातसुद्धा घरी इंटरनेट ही चैनच होती, असे ते दिवस. वारणेचे कौतुक झाले, ते रास्तच होते.

प्रत्यक्षात केंद्रांवर काम चालले ते मुख्यत्वे उसाचे. लागण कधी, तोड कधी, वजन किती, खताची उधारी किती. शेतकऱ्याचे कारखान्यावरचे खेटे वाचले, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत हीच देवाणघेवाण साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवली. म्हणजे एवढ्या यंत्राकडून आपण मागितले ते एवढेच! हिशेबाच्या त्या खोलीत सातवीतली मुलगी शिकायला कशी बसणार?

शाहू महाराजांना हे नेमके उमगले होते. घरी दिवा नाही, पुस्तक नाही, तर १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. 'सोय केली आहे, ज्याला हवे त्याने यावे' एवढ्यावर ते थांबले नाहीत.

शाळांत संगणक देण्याची केंद्राची योजना २००४ ची. तरी २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शंभरांतल्या जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय आढळली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्याची झळ कुणाला लागली, ते आपण पाहिलेच. आता वडिलांच्या मोबाइलवर मुलगी व्हिडिओ पाहते. पण मराठीत अर्ज टंकणे, तक्ता मांडणे, बातमी खरी की खोटी ते तपासणे त्यातून येत नाही. त्यासाठी कळफलक हवा, शेजारी शिक्षक हवा आणि वेळापत्रकात तास हवा.

शाळा सुटल्यावर संगणकाची खोली तासभर उघडी ठेवावी, असे मी सुचवतो, तेव्हा विचारणा होते ती अशी: किल्ली कुणाकडे राहणार? वीजबिल कोण भरणार? आणि मुलींची शेवटची एसटी चुकली तर?